विजेट ताजे कोणी ठेवायचे?

फोनच्या पहिल्या पडद्यावर हवामानाच्या विजेटमध्ये ३१ अंश दिसतात. हे आत्ताचे तापमान की सकाळी अकराचे, हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही. शिळी आणि ताजी माहिती एकाच रंगात, एकाच टायपात समोर येते. ॲप उघडले की निदान एखादे चक्र फिरते आणि माहिती येते आहे असे कळते. विजेटला तेवढीही सोय नसते. त्याच्यावर जे दिसते, ते नेहमी ठामपणेच दिसते.

ॲप बनवणाऱ्यांच्या जगात विजेट अपडेट करण्याचा प्रश्न गेली सोळा-सतरा वर्षे चर्चेत आहे, आणि त्याचे मूळ या ठामपणात आहे. विजेट किती वेळा बदलावे, यावर वाद होतो असे दिसते. प्रत्यक्षात वाद आहे तो ते कधी बदलायचे हे कोणी ठरवायचे यावर. ॲपला वाटते, माहिती माझी, तेव्हा वेळही माझी. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, बॅटरी माझ्या ताब्यात आहे. नवी माहिती सर्वांत आधी सर्व्हरला कळते. आणि फोन ज्याचा आहे त्याला यात फारसे कोणी विचारत नाही. या चौघांची वाटणी वेळोवेळी कशी झाली आणि आज ती कुठे अडली आहे, त्याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

विजेट फोनवर येण्याआधी संगणकावर होते. २००३ साली मॅकसाठी कॉन्फॅब्युलेटर आले. २००५ मध्ये ॲपलने मॅक ओएस टेन टायगरमध्ये डॅशबोर्ड दिला, आणि त्याच वर्षी याहूने कॉन्फॅब्युलेटर विकत घेतले. विंडोज व्हिस्टामध्ये गॅजेट्स होती. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून ती बंद करण्याचा सल्ला दिला. या काळात अपडेटचा प्रश्न कोणाला फारसा जाणवला नाही. संगणक भिंतीतल्या विजेवर चालत होता, विजेट म्हणजे एक छोटा चालू प्रोग्रॅमच होता आणि त्याला वाटेल तेव्हा तो इंटरनेटवर जात होता.

फोनवर ही सवय चालण्यासारखी नव्हती. एप्रिल २००९ मध्ये अँड्रॉइड १.५, म्हणजे कपकेक आले आणि बाहेरच्या डेव्हलपरांना होम स्क्रीनवर विजेट ठेवता येऊ लागले. त्याच वर्षी एचटीसीच्या हीरो फोनवर भलेमोठे घड्याळ आणि हवामान झळकले आणि विजेट ही अँड्रॉइडची ओळख झाली. विजेटच्या घोषणाफाइलमध्ये ‘अपडेटपीरियडमिलिस’ असा एक आकडा लिहायचा असतो, इतक्या मिलिसेकंदांनी मला उठव असे सांगणारा. सुरुवातीला त्याला खालची मर्यादा नव्हती. लवकरच ती अर्ध्या तासावर पक्की झाली आणि आजही तीच आहे.

२०१० मध्ये विंडोज फोनच्या लाइव्ह टाइल्स आल्या. पार्श्वभूमीतल्या कामासाठी तिथेही साधारण अर्ध्या तासाचीच ठेप होती, आणि त्याखेरीज सर्व्हरकडून पुशने टाइल बदलायची सोय होती. ती फोनप्रणाली टिकली नाही, पण पुशने पडदा बदलण्याचा विचार तिने बराच आधी करून ठेवला होता. ॲपल या शर्यतीत रमतगमत उतरले. २०१४ च्या आयओएस ८ मध्ये सूचनांच्या पडद्यामागे ‘टुडे’ विजेट आले, २०१५ मध्ये ॲपलच्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवरच्या कॉम्प्लिकेशनसाठी आगाऊ वेळापत्रकाची पद्धत आली, आणि २०२० च्या आयओएस १४ मध्ये विजेटकिटसह विजेट अखेर होम स्क्रीनवर पोचले. घड्याळाच्या तबकडीवर आजमावलेली पद्धतच फोनवर आणलेली होती, हे पुढचा वाद समजून घेताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पडद्यावर चित्र असते, ॲप नसते

विजेट म्हणजे ॲपचाच एक तुकडा होम स्क्रीनवर चालू आहे, असा समज सर्वत्र आहे. तो दोन्हीकडे चुकीचा आहे.

अँड्रॉइडवर विजेट दाखवणारा असतो लाँचर, म्हणजे होम स्क्रीन चालवणारे ॲप. ॲप स्वतः पडद्यावर काही रंगवत नाही. इथे हे शीर्षक लिही, इथे हे चित्र ठेव, इथे दाबले तर हे कर, अशा सूचनांचे एक गाठोडे ते बांधते, त्याला रिमोटव्ह्यूज म्हणतात, आणि ते लाँचरच्या प्रोसेसकडे पाठवते. नंतर ॲपची प्रोसेस मेली तरी विजेट दिसत राहते. ॲपलची तऱ्हा वेगळी असली तरी फळ तेच आहे. स्विफ्टयूआयमध्ये लिहिलेला पडदा विजेटचे एक्स्टेंशन थोडा वेळ जागे होऊन तयार करते, सिस्टीम तो साठवून घेते आणि एक्स्टेंशनला झोपवते. दिसत राहतो तो साठवलेला पडदा.

या एका रचनेतून बरीच बंधने निघतात. रिमोटव्ह्यूजमध्ये ठरावीक घटकच चालतात. चित्रांना लागणारी मेमरी पडदा दीड वेळा भरायला लागेल तेवढ्यावर जाऊ शकत नाही. १०८० बाय २४०० पिक्सेलच्या फोनवर हा हिशेब साडेपंधरा एमबीच्या आसपास येतो.

मराठी ॲप बनवणाऱ्यांना यातली एक अडचण विशेष भोवते. अँड्रॉइड विजेटमधला मजकूर दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये उमटत असल्यामुळे ॲपसोबत दिलेला वेगळा फॉन्ट तिथे चालत नाही. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल, किंवा तिथीचे नाव सुबक अक्षरात हवे असेल, तर अनेक जण मजकुराचे चित्र काढून तेच विजेटमध्ये चिकटवतात. मग मेमरीचे गणित सुरू होते. अक्षर मोठे करण्याची फोनची सेटिंग त्या चित्राला लागू होत नाही, आणि पडदावाचकासाठी वर्णन वेगळे लिहावे लागते, जे बहुधा राहून जाते. आयफोनवर ही अडचण नाही, कारण एक्स्टेंशन आपला फॉन्ट घेऊन स्वतःच पडदा रचते.

अपडेट म्हणजे काय, तेही यातून स्पष्ट होते. झोपलेल्या कोणाला तरी उठवायचे, त्याच्याकडून नवा पडदा करून घ्यायचा आणि जुन्याच्या जागी लावायचा. खर्च होतो तो उठवण्यात.

अँड्रॉइडची वाट

अँड्रॉइडने सुरुवातीला ॲपला बरीच मोकळीक दिली आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने आवळली. अर्ध्या तासाची सोय पुरत नसेल तर डेव्हलपर अलार्म लावत असे. मिनिटामिनिटाला फोनला उठवणारी घड्याळ-विजेट्स त्या काळातलीच. पुढे टेक्स्टक्लॉकसारखा घटक आला, जो लाँचरमध्येच वेळ पुढे सरकवतो आणि ॲपला उठवावे लागत नाही. घड्याळापुरता प्रश्न तिथे मिटला. २०११ मध्ये हनीकोंबने विजेटमध्ये सरकणाऱ्या याद्या आणल्या. मेल आणि कॅलेंडरची विजेट्स त्यामुळे उपयोगी झाली.

मग आवळणे सुरू झाले. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आले. फोन स्थिर पडून असला की साधे अलार्म आणि इंटरनेट पुढे ढकलले जाऊ लागले. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने पार्श्वभूमीत सर्व्हिस चालवण्यावर मर्यादा घातल्या. त्यानंतरच्या आवृत्तीने ॲप्सची वापरानुसार वर्गवारी केली आणि क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपला क्वचितच काम करू दिले. अँड्रॉइड १२ मध्ये नेमक्या वेळेचा अलार्म लावायला वेगळी परवानगी आली, आणि अँड्रॉइड १४ पासून बहुतेक नव्या ॲप्सना ती आपसूक मिळत नाही. एक सवलत मात्र नोंदवायला हवी. सर्वांत कडक वर्गातून, ज्याला ‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणतात, होम स्क्रीनवर विजेट असलेल्या ॲपला वगळले आहे. माणसाने विजेट ठेवले आहे म्हणजे त्याला त्या ॲपचे काहीतरी हवे आहे, असा त्यामागचा तर्क.

आज गूगलचा सल्ला असा: नियमित काम वर्कमॅनेजरकडे द्या, ज्यात आवर्ती कामाचे किमान अंतर १५ मिनिटे आहे, माणसाने ॲपमध्ये काही बदलले की तिथूनच विजेट बदला, बाहेरच्या घटनांसाठी पुश वापरा. विजेट लिहिण्यासाठी ग्लान्स नावाची नवी पद्धत २०२३ मध्ये स्थिर झाली. ती आतून रिमोटव्ह्यूजच तयार करते, त्यामुळे बंधने तीच राहतात, लिहिणे सुसह्य होते.

या वाटेवर एक खड्डा आहे, त्यात पुष्कळ जण पडले आहेत. वर्कमॅनेजरकडचे सगळे काम संपले की तो आपला एक रिसीव्हर, म्हणजे सिस्टीमचे निरोप ऐकणारा घटक, बंद करतो. ॲपचा एखादा घटक बंद-चालू झाला की सिस्टीमला वाटते ॲप बदलले, म्हणून ती विजेटला अपडेटचा निरोप पाठवते. अपडेटचा निरोप आला की ॲप नवे काम वर्कमॅनेजरकडे देते. ते काम संपते, रिसीव्हर बंद होतो, पुन्हा निरोप येतो. कोणी काही मागितलेले नसताना बॅटरी संपेपर्यंत हे चालू राहू शकते. त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे वर्षानुवर्षे पुढची तारीख टाकून एक पोकळ काम रांगेत ठेवून देणे, म्हणजे रांग कधी रिकामी होतच नाही. उपाय चालतो. तो शोभतो असे मात्र कोणी म्हणणार नाही.

ॲपलची वाट

ॲपलने उलट बाजूने सुरुवात केली. विजेटकिटमध्ये ॲप ‘मला उठव’ असे म्हणत नाही. ते एक टाइमलाइन देते. नऊ वाजता हा पडदा, अकरा वाजून वीस मिनिटांनी हा, दुपारी तीनला हा. एसटी स्टँडवर गाड्यांचा फलक आगाऊ रंगवून ठेवावा, तसे. टाइमलाइन संपल्यावर काय करायचे, याचे तीन पर्याय असतात: शेवटच्या नोंदीनंतर नवी मागा, अमुक वेळेनंतर मागा, किंवा मी सांगेपर्यंत मागू नका.

नवी टाइमलाइन मागण्याला बजेट आहे. ॲपलच्या कागदपत्रांनुसार, जे विजेट वारंवार पाहिले जाते त्याला २४ तासांत साधारण ४० ते ७० रिफ्रेश मिळतात, म्हणजे अंदाजे १५ ते ६० मिनिटांनी एक. कोणते विजेट कधी पाहिले जाते हे सिस्टीम काही दिवस शिकत असते. ॲप समोर उघडे असताना, किंवा ते गाणी वाजवत वा रस्ता दाखवत असताना केलेले रिफ्रेश या हिशेबात धरले जात नाहीत. २०२३ च्या आयओएस १७ पासून विजेटवर बटणे आली, आणि बटण दाबल्यावर होणारे रिफ्रेश हमखास मिळते.

वेळेवर अवलंबून असलेल्या मजकुरासाठी आणखी एक सोय आहे. ‘अमुक वेळेपासून किती वेळ झाला’ असा मजकूर दिला की सिस्टीम तो स्वतः पुढे सरकवते. बजेटला धक्का लागत नाही.

इथला खड्डा चाचणीत लपला आहे. ॲप लिहिण्याच्या एक्सकोड या साधनातून फोनवर ॲप चढवले की बजेट लागू होत नाही. डेव्हलपरच्या टेबलावर विजेट चुटकीसरशी ताजे होते, आणि तेच ॲप स्टोअरवरून उतरवलेल्या माणसाकडे तासभर हलत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

तीन वेगवेगळ्या कंपन्या, तीन वेगळ्या रचना, आणि तिन्ही अर्ध्या तासाच्या आसपास येऊन थांबल्या, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. दर अर्ध्या तासाने म्हणजे दिवसाला ४८ वेळा, आणि ॲपलच्या ४० ते ७० च्या पट्ट्यात तो आकडा बरोबर बसतो. मोबाइलचा रेडिओ एकदा जागा झाला की माहिती आल्यावरही काही सेकंद जास्त वीज खात राहतो. छोट्या छोट्या पुष्कळ मागण्या त्यामुळे एका मोठ्या मागणीपेक्षा महाग पडतात. त्या परवडण्याची सीमा सगळ्यांना साधारण सारखीच दिसली असावी.

माहितीचा स्वभाव

कोणती पद्धत चांगली, याचे उत्तर विजेटमध्ये काय दाखवायचे आहे यावर फार अवलंबून आहे. चर्चेत हा मुद्दा बहुधा सर्वांत शेवटी येतो.

पंचांगाचे विजेट घ्या. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातल्या अंतराचे बारा अंश. ती मध्यरात्री बदलत नाही, आणि तिची लांबी साधारण १९ ते २६ तासांमध्ये बदलत असते. पण ती कधी संपणार हे वर्षानुवर्षे आधी काढता येते. १९७३ पासून निघणारे कालनिर्णय याच हिशेबावर भिंतीवर टांगले जाते. संकष्टीचा चंद्रोदय मुंबईत आणि नागपुरात वेगळ्या वेळी होतो, न्यू जर्सीत तर सगळेच वेगळे. पण गाव एकदा कळले की वेळ नक्की. अशा विजेटला इंटरनेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही. टाइमलाइन जणू याच्यासाठीच बनवलेली आहे. अँड्रॉइडच्या विजेट व्यवस्थेत अशी टाइमलाइन नाही, तिथे प्रत्येक बदलाला अलार्म किंवा काम लावावे लागते. तिथी पाच-दहा मिनिटे उशिरा बदलली तर बिघडत नाही, म्हणून ते चालून जाते.

हवामान मधल्या जातीचे. अंदाज तासातासाचा असतो, तो टाइमलाइनमध्ये बसतो, मधूनमधून सुधारावा लागतो. लोकलचे वेळापत्रकही असेच: छापील वेळा आधीपासून ठाऊक असतात, गाडी उशिरा धावते आहे हे मात्र त्या क्षणालाच कळते.

क्रिकेटचा स्कोअर अगदी दुसऱ्या टोकाला. टी-ट्वेंटी सामन्याच्या दोन डावांत मिळून २४० चेंडू, तेही साडेतीन-चार तासांत. दिवसभराचे संपूर्ण बजेट ओतले तरी साधारण साडेतीन ते सहा चेंडूंमागे एकच रिफ्रेश वाट्याला येते.

आणि सर्वांत अवघड आहे रक्तातल्या साखरेचे विजेट. दंडावर किंवा पोटावर बसवलेले सेन्सर अनेकदा दर पाच मिनिटांनी मोजमाप देतात, म्हणजे दिवसाला २८८ आकडे. स्कोअर शिळा असला तर चरफड होते. साखरेचा आकडा शिळा असेल आणि तो कोणी ताजा समजून इन्सुलिनचा निर्णय घेतला, तर परिणाम शरीरावर होतो. ४० ते ७० आणि २८८ यांतली दरी कोणत्याही युक्तीने भरून निघत नाही. पुष्कळ मधुमेहींना आणि मधुमेही मुलांच्या पालकांना फोन न उघडता दिसणारा आकडाच हवा असतो. विजेटच्या वादात सर्वांत नेटाने बोलणारे लोक याच गटात सापडतात, आणि त्यांची बाजू हलकी म्हणता येत नाही.

निरनिराळ्या भूमिका

पहिली भूमिका सिस्टीम बनवणाऱ्यांची. प्रत्येक ॲपला स्वतःचाच हिशेब दिसतो. पाच मिनिटांनी एकदा उठणे एका विजेटला क्षुल्लक वाटते, पण पडद्यावर दहा विजेट्स असतील तर फोन सतत जागाच राहतो. बॅटरी लवकर संपली की माणूस फोनला दोष देतो, विजेटला नाही. म्हणून वाटप करणारा मध्यस्थ हवा, आणि तो सिस्टीमशिवाय दुसरा कोणी होऊ शकत नाही. सिस्टीमला माणसाच्या सवयीही कळतात. सकाळी सातला जे विजेट पाहिले जाते, ते पावणेसातला ताजे केले की पुरते.

दुसरी भूमिका ॲप बनवणाऱ्यांची. मर्यादेला विरोध करणारे यांत कमी आहेत. त्यांची तक्रार असते अपारदर्शकतेबद्दल. बजेट किती उरले आहे, हे विजेटकिटला विचारण्याची सोय नाही. मागितलेले रिफ्रेश नाकारले गेले की नुसते पुढे ढकलले, हेही कळत नाही. अँड्रॉइडवर नियम लेखी आहेत, पण फोन बनवणाऱ्या कंपन्या त्यावर आपले नियम चढवतात. पार्श्वभूमीतली ॲप्स मारणाऱ्या कंपन्यांची ‘डोन्ट किल माय ॲप’ नावाची एक यादीच इंटरनेटवर चालवली जाते. भारतात जे फोन सर्वाधिक हातांत दिसतात, त्यांतले अनेक त्या यादीत आहेत. ‘ऑटोस्टार्ट चालू करा’, ‘बॅटरीचे बंधन काढा’ अशा सूचना मराठी ॲप्सच्या मदतपानांवर दिसतात, त्या याच कारणाने. एकच तारा दिलेल्या परीक्षणाचा फटका मात्र ॲपला बसतो.

तिसरी भूमिका पुशची बाजू घेणाऱ्यांची. घटना घडल्याचे सर्व्हरला कळते, मग फोनने दर वेळी उठून विचारायचे कशाला? पुशसाठी फोन आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात एकच सामाईक जोडणी उघडी असते, म्हणून तो स्वस्तही पडतो. अँड्रॉइडवर हे फार पूर्वीपासून करता येते. पण तातडीचा पुश येऊन सूचना दिसली नाही, नुसते विजेट बदलले, तर गूगल हळूहळू त्या ॲपच्या पुशची तातडी कमी करू शकते. ॲपलने घड्याळाच्या कॉम्प्लिकेशनला फोनकडून दिवसाला ५० तातडीच्या पाठवण्या दिल्या होत्या. फोनच्या विजेटसाठी थेट पुश मात्र २०२५ मध्ये, आयओएस २६ सोबत आला. त्यातही पुशमध्ये माहिती नसते, ‘काहीतरी बदलले’ एवढाच निरोप असतो. मग विजेट स्वतः माहिती आणते, आणि यालाही बजेट आहे.

पुशच्या विरोधात बोलणाऱ्यांचाही एक मुद्दा विचार करण्याजोगा आहे. पंचांग, रोजचा खर्च, पाणी प्यायची आठवण असली साधी ॲप्स एकटा माणूस सर्व्हरविना चालवू शकतो. ताजेपणा सर्व्हरशी बांधला गेला तर छोट्यांवर भाड्याचा बोजा पडेल, आणि कोणाच्या फोनवर कोणते विजेट आहे याची नोंदही विनाकारण कुठेतरी साठत जाईल.

चौथी भूमिका अशी की धावत्या गोष्टी विजेटवर असूच नयेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयओएस १६.१ सोबत आलेली लाइव्ह ॲक्टिव्हिटी याच विचारातून आली. सुरुवात आणि शेवट असलेली घटना, मग ती सामना असो, येत असलेली रिक्षा असो वा जेवणाची ऑर्डर, लॉक स्क्रीनवर वेगळ्या पट्टीत दाखवायची आणि पुशने हलवायची. २०२५ च्या अँड्रॉइड १६ मधले लाइव्ह अपडेट्स त्याच दिशेचे पाऊल. स्कोअरचा प्रश्न यामुळे बराच सुटला. साखरेचा नाही. लाइव्ह ॲक्टिव्हिटी जास्तीत जास्त आठ तास चालू राहते, आणि मधुमेहाला शेवटची शिट्टी नसते. तरीही अनेक जण तीच वापरतात आणि आठ तास भरायच्या आत ती पुन्हा सुरू करतात.

राहता राहिला फोनचा मालक. कोपऱ्यात एक रिफ्रेशचे बटण द्या, ही जुनी सूचना आता दोन्हीकडे शक्य आहे. पण बटण दाबायचे तर ॲपच का उघडू नये, असे विचारणारेही आहेत. एखाद्या विजेटला जास्त बॅटरी खाऊ दे, दुसऱ्याला देऊ नको, असे सिस्टीमला सांगायची जागा मात्र सहसा सापडत नाही. साखरेचे विजेट लावणारी व्यक्ती आणि शेअरबाजाराचे विजेट गंमत म्हणून लावणारी व्यक्ती, दोघांना एकाच मापाने मोजले जाते. मला विचाराल तर सगळ्या वादात सर्वांत कमी चर्चा झालेला मुद्दा हाच आहे.

अजून न सुटलेले

एक प्रश्न गर्दीचा. मध्यरात्री बारा वाजता लाखो विजेट्सना नवा दिवस दाखवायचा असतो. सगळ्यांनी त्याच सेकंदाला सर्व्हरकडे धाव घेतली तर सर्व्हर झोपतो. प्रत्येक फोनवर वेळ थोडी इकडेतिकडे करावी, हा उपाय सर्वमान्य आहे, पण त्यामुळे काहींकडे काही मिनिटे कालचाच दिवस राहतो. किती उशीर चालवून घ्यायचा, यावर एकमत नाही.

दुसरा, दोन्ही फोनसाठी एकदाच लिहिण्याचा. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲप बनवणाऱ्यांना विजेटचा पडदा बहुधा दोनदा, दोन्हीकडच्या पद्धतीने लिहावा लागतो. सामाईक पॅकेजेस माहिती पोचवायला आणि ‘बदल’ म्हणून सांगायला मदत करतात. ताजेपणाचे नियमच वेगळे असल्यामुळे त्यापुढे जाणे कठीण आहे. एका बाजूला आगाऊ वेळापत्रक द्यायचे, दुसऱ्या बाजूला वेळ आल्यावर उठायचे, हे एका साच्यात बसवण्याचे प्रयत्न अजून कच्चेच दिसतात.

तिसरा प्रश्न वय सांगण्याचा, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. अपडेट कितीही वेळा केले तरी अधूनमधून विजेट शिळे होणारच: बोगद्यात, विमानात, डेटा संपल्यावर, बॅटरी सेव्हर लागल्यावर. तेव्हा ‘ही माहिती किती जुनी’ हे कसे दाखवायचे? आयफोनवर ‘१२ मिनिटे’ असा स्वतः सरकणारा मजकूर बजेट न खर्चता ठेवता येतो. अँड्रॉइडवर क्रोनोमीटर आहे, पण तो धावत्या घड्याळासारखा दिसतो, म्हणून बहुतेक जण ‘११:०५ वाजता’ असे लिहून थांबतात. डिझायनरांना तेवढीही ओळ नकोशी असते, कारण छोट्या चौकोनात ती जागा खाते आणि विजेट उगीच साशंक दिसते.

काही डेव्हलपर टाइमलाइनच्या शेवटी एक जास्तीची नोंद ठेवून देतात: दोन तासांत नवी माहिती आली नाही तर आकडा फिका करायचा. नवी माहिती आली की ती नोंद गळून पडते, आली नाही तर सिस्टीम आपोआप फिका पडदा लावते. ही युक्ती आहे, नियम नव्हे, करणारा करतो. लाइव्ह ॲक्टिव्हिटीत आयओएस १६.२ पासून ‘स्टेलडेट’ आहे, म्हणजे अमुक वेळेनंतर ही माहिती शिळी धरावी असे सांगायची अधिकृत जागा. विजेटला तशी जागा विजेटकिटमध्ये नाही, आणि अँड्रॉइडच्या रिमोटव्ह्यूजमध्येही नाही. ती दिली तर शिळे विजेट सिस्टीमने सगळीकडे एकाच खुणेने दाखवायचे की प्रत्येक ॲपने आपल्या परीने, आणि साखरेचा आकडा शिळा झाल्यावर फिका करायचा की पुसूनच टाकायचा, यावर तज्ज्ञांत आणि वापरणाऱ्यांत आजही दोन्ही मते आहेत.